खरा शोध बिजागरीत आहे

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेली तिन्ही ड्रॉइंग्ज नीट बघितली, गुडघ्याचा ब्रेस, घडीची खुर्ची आणि छोटी पवनचक्की. तू म्हणतोस तीन क्षेत्रं म्हणून तीन पेटंट, पण मला तिथे दोनच शोध दिसतायत. ब्रेसमध्ये आणि खुर्चीत बिजागरी एकच आहे, वजन पडलं की आपोआप लॉक होणारी, आणि नवं जे काही आहे ते तिच्यातच आहे, खरंच सुंदर काम केलंयस. मग मुख्य क्लेम, म्हणजे हक्क नेमका कशावर हवा ते सांगणारं कलम, तिच्यावरच लिही, त्यात खुर्चीचं नावही नको. ब्रेस आणि खुर्ची खालच्या, म्हणजे मुख्य क्लेमला धरून जास्त तपशील सांगणाऱ्या क्लेममध्ये येऊ देत. नुसती खुर्ची क्लेम केलीस तर उद्या कोणी तीच बिजागरी शिडीला लावेल आणि तुला काहीच करता येणार नाही.

पण मग सर्च, म्हणजे हे आधी कोणी केलंय का याचा शोधही तेवढाच मोठा करावा लागतो. खुर्च्यांचा ए४७सी आणि ब्रेसचा ए६१एफ हे पेटंटच्या वर्गवारीतले क्लास बघून थांबू नकोस, बिजागऱ्यांचा ई०५डी पण चाळ, कारण एखाद्या जुन्या दाराच्या पेटंटमध्ये हीच रचना निघाली तर मुख्य क्लेम गेलाच, ती वस्तू कुठल्या क्षेत्रातली होती याने फरक पडत नाही. तेव्हा खालचे क्लेमच कामाला येतात, ते घाईत लिहू नकोस.

ब्रेसचं म्हणशील तर युरोपात उपचाराच्या पद्धतीवर पेटंट देत नाहीत, उपकरणावर देतात. आणि पेटंट म्हणजे विकायची परवानगी नव्हे, ती वेगळी काढावी लागते आणि त्यात जाणारा वेळ अर्जापासूनच्या २० वर्षांतूनच जातो.

खुर्चीचं दिसणं डिझाइन रजिस्ट्रेशनने जप. पण नुसत्या हक्कावर विसंबू नकोस. खुर्च्या बनवणाऱ्या मिखाएल थोनेटला लाकूड वाकवायच्या पद्धतीवर १८५६ मध्ये हक्क मिळाला, १८६९ मध्ये तो संपल्यावर बाकीचे कारखाने तशाच खुर्च्या बनवायला लागले, तरी त्याची कंपनी टिकली कारण तोवर सुटे भाग पाठवून खुर्ची तिथे जोडायची पद्धत तिने पक्की बसवली होती.

पवनचक्की सध्या बाजूला ठेव असं मला मनापासून वाटतं. उघड्या पंख्याला वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्केच ऊर्जा घेता येते, ही बेट्झची मर्यादा, आणि तुझा आकडा तिच्या वर जातोय, म्हणजे मोजण्यात काहीतरी चुकतंय. आधी परत मोज.

पहिला अर्ज गेला की दुसऱ्या देशांत जायला १२ महिने मिळतात, पीसीटीने, म्हणजे एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाच्या कराराने गेलास तर बहुतेक ठिकाणी ३० पर्यंत, पण त्यानंतर प्रत्येक देशाची फी वेगळी, त्यामुळे कुठे जायचं ते या काळातच ठरव. आणि अर्ज जाईपर्यंत बिजागरीचा व्हिडिओ कुठेही टाकू नकोस, युरोपात तुझाच व्हिडिओ तुझ्या विरोधात धरतात.

मुख्य क्लेमचा ड्राफ्ट पाठव, कितीही लांब झाला तरी एकाच वाक्यात लिही, तो तसाच लिहितात.