मिक्सरवर भरवसा ठेवून कॉइन पाठवावेत का?

तुम्ही विचारलंय की एकच बिटकॉइन ॲड्रेस बरीच वर्षं सगळ्यांना दिला, बिटकॉइनचे व्यवहार सगळ्यांना दिसतात म्हणून आता कुणीही उठून तुमची शिल्लक बघतं, तर मिक्सरमधून, म्हणजे माग तुटावा म्हणून कॉइन बदलून देणाऱ्या सेवेतून, कॉइन फिरवून घ्यावेत का आणि त्यातल्या त्यात भरवशाचा कुठला. अडचण खरी आहे, आपले पैसे चारचौघांनी मोजू नयेत असं वाटण्यात काहीच गैर नाही. तरी माझं उत्तर नको असंच आहे, कारण भरवशाचा कुठला हे बाहेरून ओळखायला मार्गच नाही.

नेहमीच्या मिक्सरमध्ये तुम्ही कॉइन अनोळखी माणसाला पाठवता, तो कमिशन कापून त्याच्याकडचे दुसरेच कॉइन तुमच्या नव्या ॲड्रेसवर टाकतो. मधल्या वेळात पैसे पूर्णपणे त्याच्या ताब्यात, आणि त्याने दिलेच नाहीत तर दाद मागायची कुणाकडे? मी यात पोळलोय. ट्राय करून बघू म्हणून ०.०२ बिटकॉइनच पाठवले होते. साइटने गॅरंटी लेटर दिलं, म्हणजे 'हा डिपॉझिट ॲड्रेस आमचाच' असा डिजिटल सही केलेला मजकूर, मी सही तपासली, बरोबर निघाली, मग निर्धास्तपणे पाठवले. एक कन्फर्मेशन (व्यवहार नेटवर्कवर पक्का झाल्याची नोंद), दोन, सहा झाले, रात्रभर पेज रिफ्रेश करत बसलो, काही आलं नाही. सकाळी साइटचं नाव एकेक अक्षर लावून वाचलं तेव्हा दिसलं की मधलं एक अक्षर बदललेलं आहे, साइटच नकली. सही चोराची होती, आणि ती ज्या ॲड्रेसशी पडताळली तो ॲड्रेसही मी त्याच पेजवरून कॉपी केला होता.

पण पैसे बुडण्यापेक्षा मोठा धोका नोंदींचा आहे. कुठले कॉइन आले आणि बदल्यात कुठे गेले हे मिक्सरवाल्याला माहीत असतंच, तो ते पुसतो की ठेवतो हे तुम्ही तपासू शकत नाही. बेस्टमिक्सर गिऱ्हाइकांना गुप्ततेची हमी द्यायचा, मे २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या तपास यंत्रणेने तो बंद पाडला तेव्हा वर्षभराचे आयपी ॲड्रेस, व्यवहार, चॅटसुद्धा हाती लागले. चिपमिक्सर २०२३ मध्ये पकडला तेव्हा ७ टेराबाइट डेटा जप्त झाला. तुम्ही काही चुकीचं केलेलं नसलं तरी त्या ढिगात तुमचंही नाव जोडलं जाऊ शकतं.

शिवाय बदल्यात मिळालेले कॉइन कुणाचे? २०२२ मध्ये अमेरिकेने ब्लेंडर नावाच्या मिक्सरवर निर्बंध घातले कारण उत्तर कोरियाच्या हॅकर्सनी चोरीचा पैसा त्यातून फिरवला होता. तसे कॉइन घेऊन एक्स्चेंजवर, म्हणजे कॉइनची खरेदी-विक्री होते तिथे, गेलात की अकाउंट फ्रीझ होऊ शकतं, आणि पैसे कुठून आले याचा कागद तुमच्याकडे नसतो, तो माग तुम्ही स्वतःच मोडलेला असतो.

कॉइनजॉइन वेगळं आहे, बिटकॉइन डेव्हलपर ग्रेगरी मॅक्सवेलने २०१३ मध्ये मांडलेली कल्पना: अनेकजण आपापले कॉइन एकाच व्यवहारात एकत्र करतात, म्हणजे कुठले कुणाचे ते कळणं अवघड होतं. त्यात कॉइन खर्च करायची गुप्त किल्ली (प्रायव्हेट की) तुमच्याकडेच राहते, आपला हिस्सा बरोबर दिसला तरच आपण सही करतो, त्यामुळे पळवून नेण्याची भीती जवळजवळ जाते. पण एक्स्चेंजचे प्रश्न तिथेही सुटत नाहीत.

तुमच्या कामासाठी एवढं लागतच नाही. आजपासून प्रत्येक वेळी पैसे घेताना नवा ॲड्रेस द्या, वॉलेटमध्ये कॉइन कंट्रोल (कुठले कॉइन खर्च करायचे ते स्वतः निवडायची सोय) चालू करा, आणि जुन्या ॲड्रेसवरचे कॉइन नव्या कॉइनबरोबर एकाच व्यवहारात कधीच खर्च करू नका, नाहीतर दोन्ही तुमचेच आहेत हे तिथल्या तिथे उघड होतं.