ओढा परत पोकलेनने खोल करायचा का?

प्रश्न : आमच्या ओढ्याचं मागे खोलीकरण-रुंदीकरण झालं, वळणं काढून सरळ केला, काठची करंज-उंबरं पण गेली. पहिल्या वर्षी पाणी भरपूर दिसलं. आता दर पावसाळ्यात काठ ढासळतोय आणि जवळच्या विहिरी आधीपेक्षा लवकर तळ गाठतायत. ग्रामपंचायतीत परत पोकलेन लावायचं चाललंय. लावावं का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नका लावू, अगदी कळकळीने सांगते. आपल्याकडे विहिरीला पाणी येतं ते मुरमातून आणि त्याखालच्या भेगाळलेल्या खडकातून, ओढ्याचा तळ त्या पाण्याच्या पातळीखाली नेला की विहिरीचं पाणीच ओढ्यात पाझरतं आणि उताराने निघून जातं, आपल्याला वाटतं ओढ्याला पाणी वाढलं. त्यात वळणं नाहीत म्हणजे पुराचा जोर मोडायला काहीच नाही, मग तो काठ खाणारच.

फ्लोरिडातल्या किसिमी नदीचं हेच केलं होतं. पूर नको म्हणून १९६२ ते १९७१ मध्ये १६० किमीपेक्षा लांब वळणावळणाची नदी ९० किमीचा सरळ कालवा करून टाकली, पाणथळ जागा सुकल्या, बदकं-बगळे गेले. शेवटी १९९९ पासून कालव्याचा मधला भाग बुजवून जुनी वळणं परत जोडायला घेतली, ते काम २०२१ ला संपलं. पक्षी परत आलेत, पण खर्च किती झाला असेल विचार करा! ओढा लहान आहे तोवरच हे सोपं असतं.

तुम्ही गाव नकाशा काढा, जुनी वळणं कुठे होती ते म्हाताऱ्या माणसांना विचारा, जमेल तिथे ओढ्याला ती जागा परत द्या. दोन्ही काठांना नांगर न लावता पट्टा सोडा, त्यात वाळुंज, करंज, उंबर, निरगुडी आणि पाण्यालगत वाळा लावा, मुळं माती धरून ठेवतात. काढलेले दगडगोटे पात्रात परत टाका. ओढ्याच्या वरच्या माथ्यावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले लांब चर) आणि चराईबंदी हवीच, नाहीतर खाली केलेलं सगळं गाळाने भरतं. सांडपाणी ओढ्यात येत असेल तर आधी ते शोषखड्ड्यात वळवा, जलपर्णी त्यावरच पोसते.

फरक बघायचा तर वाहत्या पाण्यातला एक गोटा उलटा करून बघा. खाली चिकटलेल्या चपट्या अळ्या, वाळूच्या कणांची घरटी दिसायला लागली की समजा पाणी सुधारतंय. आणि ढासळलेल्या काठाला सिमेंटची भिंत कोणी सुचवली तर ग्रामसभेत स्पष्ट नाही म्हणा.