महासाथीच्या वर्षांत एमडीएस: हात खरोखर कच्चा राहिला का?

प्रश्न : मी २०१९ साली एंडोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे रूट कॅनल उपचारांच्या शाखेत, एमडीएसला (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) प्रवेश घेतला. सुरुवातीचे महिने काढलेल्या दातांवर सराव करण्यात गेले आणि रुग्णांवर सलग काम सुरू होते न होते तोच मार्च २०२० ची टाळेबंदी लागली. पुढे बराच काळ ओपीडीत केवळ तातडीचे उपचार होत आणि आमच्यापैकी काहींना स्वॅब घेण्याच्या ड्यूटीवर पाठवले गेले. आज माझे क्लिनिक आहे, तरी अवघड दाढ समोर आली की धडधड होते आणि मी ती केस दुसरीकडे पाठवते. माझे प्रशिक्षण अपुरे राहिले, की हा माझ्याच मनाचा खेळ आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : प्रशिक्षणात उणीव राहिली हे मान्य करायला संकोच नको, मात्र नेमके काय राहिले हे शोधल्याखेरीज त्यावर इलाज सुचणार नाही. एअरोटर (दात कोरण्याचे वेगवान यंत्र) आणि अल्ट्रासॉनिक स्केलर (दात साफ करण्याचे यंत्र) चालवताना लाळमिश्रित सूक्ष्म तुषार हवेत पसरतात, म्हणून सर्वांत आधी हीच उपकरणे थांबवावी लागली आणि आपल्या शाखेचे बहुतेक काम एअरोटरवाचून होतच नाही. मुखशल्यचिकित्सेचे चित्र निराळे होते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने सडलेले वरचे जबडे काढण्याच्या जितक्या शस्त्रक्रिया त्या विद्यार्थ्यांनी पाहिल्या, तितक्या एरवी त्यांच्या शिक्षकांच्याही वाट्याला आल्या नसत्या. त्याच रुग्णांसाठी टाळूचे भगदाड बंद करणारे ऑब्चुरेटर प्रोस्थोच्या (कृत्रिम दात व कवळ्यांच्या शाखेच्या) विद्यार्थ्यांनी बनवले. त्यामुळे ‘कोविड बॅच’ असा सरसकट शिक्का मारणाऱ्यांचे बोलणे मी फारसे मनावर घेत नाही.

आपण आपले लॉगबुक (प्रशिक्षणात केलेल्या केसची नोंदवही) काढावे आणि महिने न मोजता केसचे प्रकार मोजावेत. वरच्या पहिल्या दाढेतील एमबी-टू कॅनल (मुळातील सहज न सापडणारी जादा नलिका) किती वेळा स्वतः शोधला, वाकडी मुळे किती हाताळली, जुने रूट कॅनल उकलून पुन्हा किती केले, हे पाहिले की उणीव दोन-तीन प्रकारांपुरतीच असल्याचे बहुधा लक्षात येईल. ती वेबिनारने भरून निघत नाही (त्या काळात वेबिनारांचा नुसता पूर आला होता). काढलेल्या दाढांवर पुन्हा सराव करणे आणि मायक्रोस्कोपवर काम करणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडे नियमित जाणे, हाच मार्ग आहे.

धडधडीचे मूळ मात्र केवळ हातात नसावे. पीपीई किटमध्ये घामाने निथळत, फेस शील्डवर वाफ धरलेली असताना कॅनलचे तोंड शोधायचे आणि घरी गेल्यावर आई-वडिलांपासून दूर बसायचे, असे दिवस आपल्या पिढीने काढले. त्यातच रुग्ण नसल्याने थीसिस अडलेला. शिवाय १६ डिसेंबर २०२० रोजी नीट-एमडीएस ही प्रवेश परीक्षा होऊनही प्रवेशासाठीचे समुपदेशन (जागावाटप) सुरू व्हायला ऑगस्ट २०२१ उजाडला. ज्युनियर वेळेवर आले नाहीत आणि विभागाचा भार आपल्याच बॅचवर राहिला. इतक्या ताणानंतर काही अंशी भीती उरणे स्वाभाविक आहे. परंतु आदल्या रात्री झोप लागत नसेल किंवा सोपी कामेही टाळावीशी वाटत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटावे. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते.

अवघड केस पाठवण्यात कमीपणा नाही. फक्त यापुढे पाठवताना त्या डॉक्टरांना विचारावे, की उपचाराच्या वेळी मी शेजारी उभी राहिले तर चालेल का. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.