सही करण्यापूर्वी

नागपूर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी झाशी राणी चौकात, विदर्भ साहित्य संघाच्या दारात तू माझ्या हाती दिलेला कराराचा मसुदा मी दोनदा वाचला. कथासंग्रहासाठी प्रकाशक तुला २०,००० रुपये एकरकमी देणार आहेत आणि त्या बदल्यात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ मागत आहेत. पहिल्याच पुस्तकाचे पैसे मिळत आहेत याचा तुला झालेला आनंद मी समजू शकतो, कारण नवख्या लेखकालाच पदरमोड करून पुस्तक काढायला लावणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तरीही या कागदावर इतक्यात सही करू नकोस.

आधी हिशोब पाहू. मसुद्यात पुस्तकाची किंमत ३०० रुपये आणि पहिली आवृत्ती १,००० प्रतींची आहे. छापील किमतीवर १० टक्के रॉयल्टी, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रतीमागे लेखकाचा वाटा, ठरली, तर प्रतीमागे ३० रुपये, म्हणजे सर्व प्रती खपल्यावर ३०,००० रुपये होतात. पण करारात ‘निव्वळ प्राप्तीवर’, म्हणजे सवलत वजा जाता प्रकाशकाच्या हाती येणाऱ्या रकमेवर, असे शब्द असतील आणि विक्रेत्याला ४० टक्के सवलत दिली जात असेल, तर टक्के तेच राहूनही प्रतीमागे १८ रुपयेच तुझ्या हाती येतील, आणि तेही जसजशी विक्री होईल तसतसे. त्यामुळे पहिल्या आवृत्तीपुरते २०,००० रुपये कमी आहेत असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो ‘कायमस्वरूपी’ या एका शब्दाला.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो, असे त्याच कायद्याचे कलम १९ सांगते. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरते आणि किती मोबदल्यात दिले, हे त्यात स्पष्ट असावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळे काही ठरलेले नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. कायद्याने लेखकासाठी ठेवलेला ५ वर्षांच्या मुदतीचा आधार ‘कायमस्वरूपी’ लिहून दिल्याने तुझ्या हातून जातो, आणि ‘सर्व हक्क’ म्हणताना ई-बुक, ऑडिओबुक, अनुवाद आणि चित्रपट हे सारे त्या २०,००० रुपयांतच जाते.

तुझ्या यांतल्या काही कथा आधी दिवाळी अंकांत आल्या होत्या आणि त्यांचे मानधनही तुला मिळाले होते. तू त्या संपादकांची नोकरदार नव्हतीस आणि हक्क लिहून दिले नव्हतेस, म्हणूनच त्या कथा आज तुझ्या आहेत आणि त्यांचा संग्रह होऊ शकतो. तेव्हा सारे हक्क दिले असतेस, तर आज हा संग्रह काढण्यासाठी तुला त्यांची परवानगी मागावी लागली असती.

माझ्या पहिल्या पुस्तकाचा करार तोंडी होता. चार वर्षांत हिशोबाचा एकच अर्धा कागद आला आणि त्यावर ‘शिल्लक प्रती ७१२’ एवढेच लिहिलेले होते. पुढे तालुक्याच्या एका गावी वाचनालयाच्या कपाटातून माझेच पुस्तक मी काढले, तर आतल्या पानावर ‘दुसरी आवृत्ती’ अशी ओळ छापलेली होती. त्या पानावर बोट ठेवून मी बराच वेळ उभा राहिलो. जाब विचारण्यासाठी हातात एकही कागद नव्हता, आणि संबंध बिघडतील या संकोचाने मी कधी विचारलेही नाही. पैशांबद्दल बोलणे साहित्यिकाला शोभत नाही, हे मी तेव्हा खरे मानत होतो; ते तू मानू नयेस, म्हणून हे सांगतो आहे.

तेव्हा प्रकाशकांना आदरपूर्वक लिही की, २०,००० रुपये पहिल्या आवृत्तीचे मानधन म्हणून मला मान्य आहेत, परंतु हक्क केवळ मराठी मुद्रित आवृत्तीचे आणि ५ वर्षांपुरते असावेत, आणि दुसऱ्या आवृत्तीपासून छापील किमतीवर १० टक्के रॉयल्टी मिळावी. प्रत्येक आवृत्तीच्या प्रतींची संख्या तुला लेखी कळवावी आणि ३१ मार्चपर्यंतच्या विक्रीचे विवरण दरवर्षी ठरलेल्या तारखेच्या आत द्यावे, असेही त्यात घाल. ‘प्रकाशनानंतर यथावकाश’ अशी जी मोघम ओळ मसुद्यात आहे, तिच्या जागी सही होताच निम्मी रक्कम आणि पुस्तक छापून आल्यावर ३० दिवसांत उरलेली, असे मागून घे. पैसे देताना कर कापला गेला, तर तो तुझ्या पॅनवर जमा झाला आहे ना, हे पाहा आणि विवरणपत्र अवश्य भर. तुझ्या उत्पन्नात तो बहुधा परत मिळेल.

ते रॉयल्टीला नकार देतील, अशीही शक्यता आहे. तसे झाले तर दुसऱ्या आवृत्तीसाठी वेगळे एकरकमी मानधन माग, पण मुदतीचा आग्रह सोडू नकोस. दुरुस्त मसुदा आला की सही करण्याआधी घेऊन ये. शनिवारी सकाळी मी धरमपेठेत घरीच असतो.

तुझा,
एक जुना लेखक