गिऱ्हा वर आला आणि मांडव हसला, ते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दाभोळ खाडीकाठच्या वाडीतल्या तुम्ही पाच-सहा जणांनी गिऱ्ह्यावर, म्हणजे पाण्यातल्या भुतावर, वीस मिनिटांची फिल्म केली, गणपतीत मांडवात पडदा बांधून दाखवली, आणि गिऱ्हा पाण्यातून वर येतो त्याच प्रसंगाला लोक हसले. व्हीएफएक्सला पैसे नव्हते म्हणून असं झालं का? आजकालच्या राक्षसपटांत नेमकं काय घाबरवतं?

फिल्म मी दोनदा पाहिली, दुसऱ्यांदा रात्री हेडफोन लावून. बारा वर्षं सिनेमाच्या साउंडमध्ये काम केलंय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

पैशांचा दोष नाही. तुमचा गिऱ्हा चौथ्या मिनिटाला वर येतो. तोवर त्याला काय हवंय, तो कोणाला धरतो आणि कोणाला सोडतो, यातलं काहीच बघणाऱ्याला ठाऊक नसतं. ओळखपाळख नसताना कोणी तोंडाला काळं फासून समोर उभं राहिलं तर माणूस हसणारच. तिथे कितीही महागडा राक्षस आणला असता तरी फार तर लोकांनी मोबाइल काढून फोटो घेतले असते.

माझं आजोळ गुहागरकडचं. तिन्हीसांजेनंतर कोणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे आजीनं आम्हाला शुभंकरोतीच्या बरोबरीनं शिकवलं होतं. हाक मारणारा कसा दिसतो हे तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पण मामा खळ्यातून हाक मारायचा तेव्हा त्याचा आवाज ओळखीचा असूनही आम्ही भावंडं दुसरी हाक येईपर्यंत श्वास धरून बसायचो. सगळी भीती त्या दोन हाकांच्या मध्ये होती. राक्षसाला आधी नियम लागतो, अंग मागाहून येतं.

‘तुंबाड’ (२०१८) तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. नसेल पाहिला तर हा परिच्छेद सोडून पुढे जा, कारण यात शेवट फुटतो. त्यातला राक्षस हस्तर कणकेचा भुकेला आहे. कणकेचं रिंगण त्याला ओलांडता येत नाही. कणकेची बाहुली टाकायची, तो ती खात असताना त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी ओढायची आणि पळायचं. इतका हिशेब आपल्याला पाठ झाला की मग नायकाच्या मुलाच्या डोक्यात येतं, एका बाहुलीऐवजी पुष्कळ नेल्या तर? आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर खाली उतरतात. सिनेमानं नवा नियम आणलेला नाही. आपणच पाठ केलेला नियम आपल्या अंगावर येतो, आणि तो मोडायला लावणारी हाव आपल्या ओळखीची असते. म्हणून तो प्रसंग पोटात गोळा आणतो. तुमच्या फिल्ममधला मुलगा मध्यरात्री खाडीत उतरतो कशाला, तर रील काढायला. त्याचं काय व्हायचं ते होवो, असं बघणाऱ्याला वाटून जातं.

आता राक्षस दाखवायचा कधी? ‘जॉज’चं (१९७५) उदाहरण सगळेच देतात, पण त्यातली कामाची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा, ५५ दिवसांचं ठरलेलं चित्रीकरण १५९ दिवसांवर गेलं, आणि तासाभराहून अधिक काळ तो मासा धड दिसतच नाही, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच्या जागी काय दिसतं? भाल्यानं त्याच्या अंगात अडकवलेली पिवळी पिंपं. पिंप पाण्यावरून धावत येतं आणि गपकन खाली जातं. जाळ्याची बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) अशी खाली ओढली गेली की काय वाटतं, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. नुसतं लपवून भागत नाही, खूण सोडावी लागते.

आरवलीचा वेतोबा हा राखणदार देव. त्याला राक्षसांच्या रांगेत बसवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण खूण म्हणजे काय हे मला तिथे कळलं. लोक त्याला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात, आणि तो रात्री गावाच्या राखणीला हिंडतो म्हणून त्यांचे तळ झिजतात अशी श्रद्धा आहे. मूर्ती तर समोर उभी असते, तरी माझी नजर त्या तळांवर खिळली होती. हिंडणारा दिसत नव्हता आणि त्याचं हिंडणं दिसत होतं.

तरीही ‘शेवटपर्यंत दाखवूच नका’ हा सल्ला मी देणार नाही. बोंग जून-हो यांच्या ‘द होस्ट’मध्ये (२००६) राक्षस सुरुवातीलाच, भर उन्हात, हान नदीच्या काठावर येतो. सुरुवातीला पुलाखाली लटकलेला असतो आणि माणसं कुतूहलानं त्याला खाऊ फेकतात. मग तो काठावर धावतो, घसरतो, धडपडतो. त्या घसरण्यामुळे त्याला वजन येतं. पण मला हादरवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. बाप मुलीचा हात धरून धावत सुटतो, वळून बघतो, तर हात भलत्याच मुलीचा असतो. त्या क्षणी पडद्यावर राक्षस कुठे आहे याच्याशी मला काही देणंघेणं उरलं नव्हतं.

आवाजाबद्दल मात्र मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. पहिल्या मिनिटापासून तुम्ही ढोलाचं पार्श्वसंगीत लावलंय, त्यामुळे कान आधीच बधिर होतात. ‘अ क्वाएट प्लेस’मध्ये (२०१८) राक्षस आंधळे आहेत आणि आवाजावर शिकार करतात. तो बघताना थिएटरात माझ्या शेजारच्या माणसानं पॉपकॉर्नचा हात हवेत तसाच धरला होता. तुमच्याकडे हे सगळं फुकट आहे. कांदळवनाशेजारी मी एकदा रात्रभर रेकॉर्डिंग केलं. रातकिडे, बेडूक, ओहोटीच्या चिखलात फुटणारे बुडबुडे, असं सगळं एकसारखं चालू होतं. अडीचच्या सुमारास माझ्या बाजूचे रातकिडे एकदम थांबले. पायाची चाहूल लागली की ते थांबतात, हे मला पक्कं माहीत होतं. मी जागचा हललो नव्हतो. ती चाळीस सेकंदांची शांतता माझ्याकडे अजून आहे, आणि ऐकताना अजून मान मागे वळते.

गिऱ्ह्याच्या अंगाबद्दल फार लिहीत नाही. शिमग्यातला संकासुर आठवा. काळे कपडे, टोकदार टोपी, झाकलेलं तोंड आणि कमरेला घुंगरं. घुंगरं वळणापलीकडे वाजली की आम्ही माळ्यावर असायचो. तुमचा एलईडी दिवा समोरून काढून मागे ठेवलात तर तुमचं काम बरंचसं होईल.

आता मी काय केलं असतं ते सांगतो. तुमच्या हातात एक नियम आयता आहे, भरती-ओहोटीचा. पाणी चढायला सहा तास आणि वर थोडी मिनिटं, उतरायला तेवढीच, आणि रोजची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे. मांडवात बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात हे घड्याळ आहे. डोल जाळं वाहत्या पाण्याच्या तोंडाशी लावतात आणि पाणी फिरायच्या आत उचलावं लागतं. तुमचा मुलगा रील काढायला जाऊ नये. जाळं चुलत्याकडून मागून आणलेलं असावं, रात्र अमावास्येच्या उधाणाची असावी आणि त्याला निघायला उशीर झालेला असावा. गिऱ्हा फिरत्या पाण्यातच धरतो आणि हाक दिल्याशिवाय धरत नाही, हे पहिल्या तीन मिनिटांत एखाद्या म्हातारीच्या तोंडी येऊ द्या, भाकरी थापता थापता, सहज. मग मुलगा होडीत एकटा जाळं ओढतोय. बोया स्थिर आहेत. रातकिडे थांबतात. काठावरून भावाची हाक येते. भाऊ त्याला न्यायला आलाय हे आपण आधी पाहिलेलं आहे, तेव्हा हाक खरी असू शकते. पाणी फिरायला लागलंय, बोया एकेक करून उलट्या दिशेला तोंड वळवतात. दुसरी हाक येते, आणि ती होडीच्या दुसऱ्या बाजूनं येते.

इथे गिऱ्हा दाखवायचाच असेल तर एकदा, मागून उजेड घेऊन, दोन सेकंद. तुमच्याकडे तो अकरा सेकंद उभा आहे, मी मोजले.

पुनर्चित्रण करणार असाल तर रेकॉर्डर घेऊन मी येतो. फक्त उधाणाच्या रात्री होडीत कोणाला एकटं बसवू नका. ती दृश्यं भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, उथळ पाण्यात घ्या, आणि वाडीतला एखादा जाणता मच्छीमार सोबत ठेवा.