एफटी८ लावताय? आधी आवाज उतरवा

राजा, तुला हौशी रेडिओचं (हॅमचं) लायसन्स मिळालं, फार बरं वाटलं. एफटी८ म्हणजे कॉम्प्युटरचे सूर रेडिओतून पाठवून छोटे संदेश देण्याची डिजिटल पद्धत. आता घाईनं कॉल करू नकोस. आधी अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर हवेत न सोडता जिरवणारा भार) जोड, स्पीच प्रोसेसर (बोलण्याला जोर देणारी रेडिओतली सोय) बंद कर, विंडोजचे टिंगटिंग आवाजही बंद कर. मग कॉम्प्युटरचा ऑडिओ अगदी तळाशी नेऊन हळूहळू वाढव. मीटरवर पॉवर वाढायची थांबली, की थोडा मागे ये. बहुतेक रेडिओंवर एएलसीचा, म्हणजे ऑडिओ जास्त झाला की पॉवर आपोआप आवरणाऱ्या सोयीचा, काटा हलताच कामा नये.

हे मी कळकळीनं सांगतो. पाट जास्त सोडला की पाणी धुरा फोडून शेजाऱ्याच्या वावरात जातं, तसंच हे. ६०० हर्ट्झच्या सुरावर जोर लावलास तर १२०० आणि १८०० वरही तुझीच भुतं दिसतात, आणि १४.०७४ मेगाहर्ट्झवर, जिथं एफटी८ वाले एकत्र जमतात, दुसऱ्याची जागा अडते. म्हणून १५०० च्या वर राहा; दुप्पट सूर तिथं रेडिओच्या फिल्टरच्या काठाबाहेर पडतो.

बँड बदलला की पातळी पुन्हा तपास. पॉवर कमी हवी तर रेडिओवरून कमी कर, पण मग एएलसी परत बघ, कारण तो लगेच जागा होतो. रात्री कृषिपंप सुरू झाले की गोंगाट वाढेल. तेव्हाही ऑडिओ वाढवू नकोस, ती अडचण ऐकण्याची आहे, पाठवण्याची नाही.