स्पीड टेस्टच्या अ‍ॅपवर कायम ९४ दाखवतं (प्लॅन १५० एमबीपीएसचा आहे), तरी व्हिडिओ कॉल अडकतो. अ‍ॅप खोटं बोलतं का? मोबाईलवर कुठलं अ‍ॅप वापरावं?

अ‍ॅप खोटं बोलत नाही हो. अ‍ॅप हातात धरून दुसऱ्याला गप्प करणारी माणसं असतात, खरा त्रास त्यांचा.

तुमच्या प्रश्नातला ९४ हा आकडा वाचला आणि राहवलं नाही. हाच आकडा आमच्या घरात कित्येक दिवस भांडणाचं मूळ होता.

आम्ही गोव्यात, सावईवेऱ्याला राहतो. जुनं चिऱ्याचं घर, मध्ये राजांगण, मागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग. मी पुण्यातल्या एका सीएंचं जीएसटीचं काम घरून करते. महिन्याची ११ आणि २० तारीख म्हणजे काय, हे ज्यांनी रिटर्न भरलेत त्यांना सांगायला नको. क्लायंटला स्क्रीन दाखवायची, तो म्हणणार "मॅडम, दिसत नाही", मी म्हणणार "आता?", आणि तोवर त्याचा चेहरा अर्धा जांभई दिल्यासारखा गोठलेला.

माझे धाकटे दीर बंगळूरला आयटीत आहेत. त्यामुळे घरातल्या विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. मिक्सर बिघडला तरी सासूबाई आधी त्यांना फोन लावतात. चवथीला, शिगम्याला ते आले की मी नेटची तक्रार करायची आणि त्यांनी वसरीवर, राऊटरच्या बरोबर खाली उभं राहून ते काटा फिरणारं अ‍ॅप लावायचं, मग स्क्रीन माझ्या नाकासमोर धरायची. "वहिनी, ९४ येतंय. नेट एकदम ओके. तुमचा लॅपटॉप जुना झालाय, बदला आता." सासूबाई मान डोलावणार. नवरा पेपरात डोकं घालणार.

आमचा प्लॅन होता २००चा! दोनशेच्या प्लॅनला कधी १३०, कधी १७० असं हलतं काही आलं असतं तर मी गप्प बसले असते. पण सकाळी ९४, दुपारी ९३, रात्री पुन्हा ९४? इतका ठोकळ आकडा आला की ओळखायचं, वाटेत कुठेतरी १००चा अडसर आहे. १०० एमबीपीएसच्या जोडणीतून पॅकेटांवरचा पत्ता-बित्ता वजा जाता हाती ९४च्या आसपास पडतात. लॅन केबलमध्ये तारा असतात आठ. हजारच्या वेगाला आठही लागतात. त्यातली एखादी दगा द्यायला लागली की दोन्हीकडची यंत्रं निमूट शंभरावर उतरतात, चार तारांवर काम भागवतात आणि कुणाला काही कळवत नाहीत. फायबरच्या पांढऱ्या डब्यापासून राऊटरपर्यंत जी वीतभर केबल असते ना, आमची तीच होती. प्लग काढून उजेडात धरला तर दोन पिना कळकलेल्या. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातले कपडे बुरसतात, तिथे त्या पिनांची काय कथा. नेटवाल्याचा मुलगा येऊन गेला होता, त्यानेही फोनवर टेस्ट करून "वायफायला एवढंच येतं" म्हणून हात झटकले होते. फोंड्याहून कॅट-सिक्सची नवी केबल आणली, लावली, १९०च्या वर. तुमचा १५०चा प्लॅन आणि कायम ९४ म्हणताय, तर आधी ती केबल बदला. राऊटरची भोकंच शंभराची असतील तर मात्र केबल बदलून उपयोग नाही, राऊटर बदलावा लागेल.

पण यामुळे कॉल अडकायचा थांबेल असं समजू नका. कॉलला लागतात दोन-तीन एमबीपीएस. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, लेखी तर २०२३पासून २ एमबीपीएस मिळाले की झालं ते ब्रॉडबँड, त्याआधी ५१२ केबीपीएसलाही तेच म्हणत. तेव्हा ९४ असो की १९०, कॉलला दोन्ही उदंड. माझंही केबल बदलल्यावर कॉलचं रडगाणं तसंच राहिलं, आणि दिरांना आयतंच कोलीत मिळालं: "बघा, म्हटलं होतं ना, लॅपटॉप."

२०२४ची चवथ ७ सप्टेंबरला होती. आमचा गणपती पाच दिवसांचा, म्हणजे विसर्जन ११ला. जीएसटीआर-१ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, शेवटची तारीखही ११च. १० तारखेच्या संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं, गणपतीवर टांगलेल्या माटोळीच्या फळांचा वास अगदी मागच्या खोलीपर्यंत, बाहेर घुमट वाजवून करायच्या आरतीची तयारी, आणि मी दार लावून चिंचवडच्या एका क्लायंटला त्याची बिलं का जुळत नाहीत ते समजावतेय. गोठला. परत जोडला, परत गोठला. बाहेर आले तर भाऊजी फोन काढून तयारच. काटा फिरला. "वहिनी, १८० येतंय. आता काय म्हणणं आहे?"

म्हटलं, भाऊजी, तो मोठा आकडा राहू दे, त्याच्या बाजूचे छोटे आकडे मोठ्याने वाचा.

पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद. त्या अ‍ॅपमध्ये पिंगचे आकडे तीन असतात: लाईन रिकामी असतानाचा, डाऊनलोड चालू असतानाचा आणि अपलोड चालू असतानाचा. लोक पहिला बघतात आणि खूश होतात. मी तीनही बघत होते आणि कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवत होते, म्हणून मला माहीत होतं कुठे बोट ठेवायचं ते. एरवी पहिला आकडा असायचा १४. त्या संध्याकाळी अपलोडचा पिंग होता सहाशेच्या वर आणि अपलोडचा वेग तीन. म्हणजे माझा आवाज घरातून बाहेर पडायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त घेत होता. चोडणच्या फेरीबोटीला एकदा गाड्यांची रांग लागली की फेरी केवढी का असेना, आपला नंबर येईपर्यंत थांबावंच लागतं, तसं. राऊटरमध्ये रांग लागली होती, आणि डाऊनलोडच्या १८०ला त्याचं सोयरसुतक नव्हतं, कारण ती बाजू मोकळीच होती.

रांग कुणाची, तेही राऊटरच्या पानावर दिसतं. कुठलं यंत्र किती डेटा वर पाठवतंय याची यादी असते. पहिल्या ओळीत एका महागड्या फोनचं नाव होतं, ते घरात एकाच माणसाकडे आहे. आरतीचे, फुगड्यांचे फोर-के व्हिडिओ मिनिटाला दीडशे-दोनशे एमबी सहज खातात. फोन चार्जिंगला लावला आणि वायफाय मिळालं की ते आपोआप क्लाऊडवर चढायला लागतात. दुसऱ्या ओळीत कुळागरातला कॅमेरा. सुपारी चोरीला जाते म्हणून बसवलेला, काही हललं की चित्रण वर पाठवणारा. हलतं कोण, तर माकडं! चवथ नसताना, ऐन दुपारी माझे कॉल का अडकायचे, त्याचा उलगडा मला तिथे झाला. कॅमेरा कुणी बसवला होता हे लिहायला हवं का?

फोनचा बॅकअप थांबवला, पिंग वीसवर आला, क्लायंट बोलायला लागला, रिटर्न वेळेत भरलं. भाऊजी म्हणाले, "हे चवथीपुरतं आहे." दिवाळीला आले तेव्हा म्हणाले, "राऊटरला अपडेट आलं असणार, म्हणून सुधारलं." असो.

आता तुमचं "कुठलं अ‍ॅप". कुठलंही. ऊकलाचं स्पीडटेस्ट घ्या, कारण ते तिन्ही पिंग दाखवतं. नेटफ्लिक्सचं फास्ट डॉट कॉम ब्राऊजरमध्येही उघडतं, त्यात "आणखी माहिती" दाबलं की रिकामा आणि भारलेला असे दोन पिंग दिसतात. दोघांचे आकडे जुळत नाहीत म्हणून घाबरू नका. ऊकला जवळचा सर्व्हर निवडतं, तो बऱ्याचदा तुमच्या नेटवाल्याच्याच जाळ्यात असतो. फास्ट नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. दोघांत फार मोठी तफावत असेल तर घरापासून नेटवाल्यापर्यंत सगळं ठीक आणि त्याच्या पुढे गचका, असा अर्थ बहुधा निघतो. ट्रायचं मायस्पीडही आहे, मोबाईलच्या नेटवर्कसाठी ते ठेवा, मोजलेलं ट्रायकडे पोचतं. पाच-पाच अ‍ॅप उतरवून सरासरी काढत बसणाऱ्यांचा मात्र मला कंटाळा येतो. आणि "स्पीड वाढवणारी" म्हणून जी अ‍ॅप मिळतात त्या निव्वळ थापा, वर जाहिराती.

ऊकलात सर्व्हर हाताने बदलता येतो, तो मुंबईचा निवडा. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोनेक लाख किलोमीटर जातो. मुंबई इथून साधारण ६०० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन सहा मिलिसेकंद, त्यात वाटेतल्या यंत्रांचा वेळ मिळवा, म्हणजे १२ ते २० पिंग हा गोव्यात बसलेल्या माणसासाठी चांगलाच. तीन-चार पिंग बघून नाचणाऱ्याने सर्व्हरचं नाव वाचावं, तो पलीकडच्या गावातच निघेल.

मोजायचं कुठे, तर जिथे तुम्ही कामाला बसता तिथे. राऊटरखाली उभं राहून कोणी कॉल घेत नाही. चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडल्या की ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दम तोडतं आणि २.४चं पोचतं पण हळू. फोन त्या दोघांतल्या कशावर आहे हे न बघता मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. आणि मोजायचं केव्हा, तर कॉल अडकतो त्या वेळेला. सकाळी सातला सगळ्यांचंच नेट छान असतं. मी शेवटी लॅपटॉपला केबल ओढून घेतली आणि राऊटरमध्ये अपलोडला लाईनच्या क्षमतेहून जरा कमी मर्यादा घातली, म्हणजे रांगच लागत नाही. ही सोय सगळ्या राऊटरमध्ये नसते. नसेल तर बॅकअप रात्री दोननंतर लावायला घरच्यांना सांगा. ऐकतील तर.

नेटवाल्याशी भांडायचं असेल तर फोनवरच्या वायफायचे स्क्रीनशॉट पाठवू नका, तो पहिल्या वाक्यात उडवून लावेल. लॅपटॉप केबलने जोडून मोजा, वेळ आणि सर्व्हरचं नाव दिसू द्या, वेगवेगळ्या दिवसांचे पाठवा. मग "तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम" म्हणायची त्याची सोय राहत नाही.

हो, एक राहिलं. मोबाईल डेटावर ही टेस्ट जपून करा, फाईव्ह-जीवर एकेका टेस्टला शेकडो एमबी जातात. आणि कॉल चालू असताना तर करूच नका. टेस्ट स्वतःच लाईन भरून टाकते, मग अडकलेला कॉल आणखी अडकतो आणि बघणारे म्हणतात बघा, नेट खराब. तुमच्याकडे फायबर नसून टॉवरवरचं नेट असेल तर मी वर केबलबद्दल लिहिलेलं सोडून द्या. तिथे रेंजचाच प्रश्न असतो. २०२०मध्ये ऑनलाईन वर्गांसाठी आमच्या गोव्यातल्याच सांगे तालुक्यातली मुलं डोंगर चढून बसत होती, त्यांना काही काटा फिरणारं अ‍ॅप लागलं नाही. पिंगचं आणि बॅकअपचं मात्र तुम्हालाही लागू आहे.

लॅपटॉप अजून तोच आहे.